दादा, तुझ्या पुस्तकाचा परतीचा बोल

दादा, आज तुझा दहावा झाला. कावळा पिंडाला शिवायला लय वेळ लागला म्हणे. नदीवरून परत आलेले लोक हातपाय धुता धुता हे सांगत होते, आणि सांगताना एकेक जण माझ्याकडं बघत होता. जशी काही तुझी इच्छा मीच कडी लावून अडवून धरलीय. गोदाबाई भावासाठी रडली नाही, हेही सगळ्यांच्या लक्षात आलंय. नाही रडले. मी तुझ्यावर चिडलेय. रडणं कुठं पळून जात नाही, आधी हे चिडणं पुरं होऊ दे.

तुझं पुस्तक वाचून झालं. नुसतं वाचून नाही, उतरवून झालं.

तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी दिगंबर आला. वखारीतला कारकून, तुझ्या वाचनालयातला सगळ्यात लाडका वाचक. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि घसा खाकरला. म्हणाला, "गोदाबाई, मास्तरांनी आत्मचरित्र लिहून ठेवलंय म्हणतात. आपण ते पुण्याला छापायला पाठवू. मास्तरांचं नाव राहील. पण छापखानेवाल्यांना स्वच्छ प्रत लागती, आणि तुमच्यासारखं अक्षर तर साऱ्या तालुक्यात न्हाई."

अक्षर! माझ्या अक्षराचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत, दादा. पण तूही तापात पेटीची किल्ली माझ्याच हातात दिली होतीस ना? "वही तूच उतरव, गोदे. दुसऱ्याचं अक्षर नको." वाटलं, भावाचं शेवटचं काम आहे, करून टाकावं. बोरू तासले, शाई केली आणि बसले. बालपण उतरवलं. आईची दुखणी उतरवली. चुडाव्याच्या स्टेशनातून पुस्तकांचं पहिलं पार्सल डोक्यावर घेऊन तू दोन कोस चालत आलास, ते उतरवताना तर हसलेसुद्धा, कारण त्यात तू चिखलात पडलेला लिहिलंयस आणि पार्सल वर धरलेलं. आणि मग एकशे बारावं पान आलं.

'एके दिवशी वाचनालयाची झडती झाली. अमीनसाहेबांनी एका पुस्तकावरील मजकुराबद्दल विचारणा केली. मी शांतपणे उत्तर दिले. त्यानंतर वाचनालय पूर्ववत सुरू झाले.'

चार वाक्यं. बस्स. आणि पुढच्या ओळीपासून पुस्तकांना वाळवी लागली तर ती कशी घालवावी, याचं सव्वा पान! वाळवीला सव्वा पान, दादा. मला एक अक्षर नाही.

मी शांतपणे उत्तर दिले. काय उत्तर दिलंस? वाचणाऱ्याला कळायला नको? ज्या माणसानं साऱ्या गावाला शिकवलं की दुसऱ्याचं आयुष्य वाचताना नेमकं कुठं बोट ठेवायचं, त्या माणसानं स्वतःच्या आयुष्यात नेमकं तेवढंच पान हातानं झाकायचं?

ज्याला तू ठाऊक नाहीस त्यानं हे वाचलं तर त्याला माझा संताप कळायचा नाही. म्हणून आधी तुझं चांगलं सांगते. ते सांगायला मला जड जात नाही, कारण ते खोटं नाही.

निजामी अंमलात मराठी वाचनालय काढायचं म्हणजे विंचवाच्या बिळात बोट घालणं. साधी चार माणसं एका खोलीत जमली तरी विचारणा व्हायची. तू अर्ज घेऊन गेलास. साहेबानं विचारलं, पुस्तकं कसली? तू म्हणालास, थोर माणसांची चरित्रं, आत्मचरित्रं, दुसरं काही नाही. साहेब हसला म्हणे. "मरे सो लोगां की बातां? पढ़ने दो." मेलेली माणसं काय करणार, असं त्याला वाटलं. तू घरी येऊन हे सांगितलंस आणि आपण दोघं पोट धरून हसलो होतो. वखारीमागची ती खोली मिळाली, दोन फळ्या ठोकल्या आणि आपलं चरित्रांचं दुकान सुरू झालं.

दारामागं यादी लटकायची. शब्द तुझे, अक्षर माझं. वरती मोठ्या अक्षरात: 'ज्यांना कुतूहल आहे त्यांच्यासाठी. नुसता वेळ घालवायचा असेल त्यांनी चावडीवर बसावे.' खाली पुस्तकांची नावं आणि प्रत्येकापुढं तुझी एक ओळ. एका इंजिन हाकणाऱ्याच्या आत्मचरित्रापुढं: 'गाडीत न बसता तोंड काळे करून यायचे असेल तर वाचावे.' एका वैद्याच्या चरित्रापुढं: 'बरे झालेल्या रोग्यांची पाने भराभर उलटावीत. जे दगावले त्यांच्याविषयी तो काय लिहितो ते सावकाश वाचावे.' एका गाणाऱ्या बाईच्या आठवणी होत्या, त्यापुढं तू लिहायला सांगितलंस: 'घरात लपवून वाचावे, पण वाचावे.' मग ते पुस्तक नेणारे पुरुष धोतराच्या सोग्याखाली धरून न्यायचे, आणि तू मिशीत हसायचास.

कुणाला कोणतं आयुष्य द्यायचं हे तूच ठरवायचास. खंडू आणि बापू, बांधावरून डोकी फोडणारे सख्खे भाऊ. दोघंही एकाच आठवड्यात पुस्तक मागायला आले. तू एक जाडजूड चरित्र शिवण उसवून मधोमध सुटं केलंस आणि अर्धं एकाला दिलंस, अर्धं दुसऱ्याला. "पुढचं पाहिजे तर भावाकडं जा." मी कपाळाला हात लावला, पुस्तकाची अशी दशा करतात का! बांधाचं भांडण काही मिटलं नाही. पण महिनाभरानं बापू खंडूच्या ओट्यावर बसून मागचं वाचत होता आणि खंडू त्याला पुढचं सांगू नको म्हणून ओरडत होता.

आणि तुझी ती कसोटी. 'ज्या आत्मचरित्रात लिहिणाऱ्याला एकदाही स्वतःची लाज वाटत नाही, ते यादीत घ्यायचं नाही.' एका जमीनदाराच्या मुलानं वडिलांचं चरित्र छापून फुकट पाठवलं होतं, चामडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं. तू दोन संध्याकाळी वाचलंस आणि माझ्यापुढं टाकलंस. "सत्तर वर्षं जगला बाबा, आणि एकदाबी चुकला न्हाई? बांध, गोदे. परत पाठवू." कव्हर चांगलं आहे, ठेवू या, असं मी म्हटलं तर माझ्यावर खेकसलास.

पण खरी तुझी कल्पना ती परतीच्या बोलाची. पुस्तक परत आणलं की तू नुसतं ठेवून घ्यायचा नाहीस. समोर बसवायचास. "आता ह्या माणसाचं काय चुकलं ते सांग. न्हाईतर काय लपवलं ते सांग. एकच सांग, पण खरं सांग." तो सांगेल ते शेवटच्या कोऱ्या पानावर जसंच्या तसं लिहायचं, हा नियम. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी लिहायचे. मी शिकवायचे ती मुलींची शाळा सुटली की मी येऊन बसायचे आणि बोल टिपायचे. मारोती कोष्टी इंजिनवाल्याचं पुस्तक घेऊन आला तो दिवस मला अजून आठवतो. "मास्तर, ह्यानं सगळ्या इंजिनांची नावं लिव्हलीत. मग बायकूचं नाव कुठंय?" तू मांडीवर थाप मारलीस. दिवसभर जो येईल त्याला तेच सांगत होतास.

मारोतीला जे दिसलं ते तुला स्वतःच्या वहीत दिसलं नाही?

मला वाचायला तूच शिकवलंस, हेही लिहिते. मी सासरहून परत आले तेव्हा चौदा वर्षांची होते. नवऱ्यानं हैदराबादेत दुसरं घर केलं होतं. आई नशिबाला बोल लावत बसली, शेजारणी हळहळायला येऊन चहा पिऊन जायच्या. तू माझ्यापुढं एका पहिलवानाचं चरित्र ठेवलंस. मला अक्षरं लागत होती तेवढीच. दोन महिने मी एकेक डाव, एकेक पेच वाचत होते आणि वैतागले. "दादा, मला हे कशाला? मी का तालमीत जायलेय?" तू म्हणालास, "पडल्यावर उठायचं कसं, ते ह्यात लय चांगलं सांगितलंय." पुस्तक संपलं तेव्हा तू मला समोर बसवलंस, पुढं वाचकांना बसवायचास तसं. बोल सांग म्हणालास. मी घाबरत घाबरत म्हटलं, "जिंकलेल्या कुस्त्यांना दहा-दहा पानं, आणि हरलेली कुस्ती एका ओळीत उरकतो." तू माझ्याकडं बघतच राहिलास. "शाब्बास. आता तुला वाचता आलं."

पहिलवानच झालास की रे, दादा. एका ओळीत उरकलंस.

आता त्या दिवसाचं सांगते. तू नाही सांगितलंस, तर मी सांगते.

बाजाराचा दिवस होता. मुलींच्या शाळेत जायच्या आधी मी नवी यादी लावायला वाचनालयात आले होते. शाळेत लागून मला आठ वर्षं झाली होती. नेमणुकीचा कागद उर्दूत होता, त्यावर माझ्या नावापुढं 'मुअल्लिमा', म्हणजे शिक्षिका, असं लिहिलेलं. बाई शिकवते म्हणून गावानं आधी नावं ठेवली आणि मग आपल्याच मुली पाठवल्या. सव्वीस मुली होत्या त्या वर्षी. मी यादी लावून वळले तर दारात पोलिसांचे अमीनसाहेब, मागं दोन जवान आणि एक मराठी वाचणारा कारकून.

फळ्यांवरची पुस्तकं खाली आली. आत काही नव्हतं, सगळी मेलेल्या माणसांची. पण त्या कारकुनाला शेवटची पानं उलटायची सवय असावी. एका जुन्या राजाचं चरित्र त्याच्या हाती लागलं. दुष्काळात ह्या राजानं मोठा महाल बांधायला काढला आणि हजारोंना काम दिलं, असं त्यात कौतुक होतं. ते पुस्तक ग्यानबानं परत केलेलं. ग्यानबाची कोरडवाहू पाच एकर, गाठीला अक्षर एक नाही, पुतण्याकडून वाचून घ्यायचा. त्याचा बोल मी टिपला होता, नियमाप्रमाणं जसाच्या तसा. कारकुनानं तो मोठ्यानं वाचला:

'महाल बांधायला लोकं आली ती पोटापायी. आधी त्यांचं धान्य कुणी नेलं, ते राजानं लिव्हायचं ऱ्हाऊन गेलं.'

ग्यानबाचा राजा कुठला, कधीचा. पण अमीनसाहेबाला तो राजा कुठं राहतो ते लगेच कळलं. त्यानं पान तुझ्यापुढं धरलं. "ये किसके हाथ का लिखा है?"

मी दाराशी उभी होते. चार हातांवर. तू माझ्याकडं बघितलंसही नाहीस.

"माझ्या बहिणीचं अक्षर आहे, साहेब. बाईमाणूस आहे. कुणीतरी काहीतरी बडबडलं, तिनं लिहून ठेवलं. तिला त्यातलं काही कळत नाही."

हे तुझं शांतपणे दिलेलं उत्तर. शांत होतंस, खरं आहे. घामसुद्धा आला नव्हता.

खोटं बोलला नाहीस, हीच तर तुझी करामत. अक्षर माझंच होतं. ग्यानबाचं नाव वाचलं, वाचनालय वाचलं, तूही वाचलास. तुझा हिशोब मला त्याच क्षणी कळला होता: बाईमाणसाला कोण काय करणार. अमीनसाहेब माझ्याकडं बघून हसला, "औरत के हाथ का?" म्हणाला, आणि पुस्तक बगलेत मारून निघून गेला. तू माझ्याकडं वळून म्हणालास, "सुटलो."

कोण सुटलो, दादा?

पंधराव्या दिवशी वरून हुकूम आला. उर्दूतच होता, पण नोकरीपायी मी उर्दू शिकले होते, त्यामुळं कुणाकडून वाचून घ्यायची गरज पडली नाही. 'बरतरफ.' मराठीत आपण बडतर्फ म्हणतो. जिला त्यातलं काही कळत नव्हतं तिनं तो हुकूम स्वतःच वाचला आणि स्वतःच घडी घातली. दुसऱ्या दिवशी मुली नेहमीसारख्या आल्या. शाळेला कुलूप बघून आपल्या ओट्यावर येऊन बसल्या, पाट्या मांडीवर घेऊन. मी त्यांना घरी जा म्हटलं तर एक म्हणाली, "बाई, काल दिलेलं गणित तरी बघा." मी सगळ्यांची गणितं बघितली आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं. तू तेव्हा वाचनालयात होतास. पुस्तकांना वाळवी लागली होती.

बाईमाणसाला कुणी काही करत नाही म्हणतोस? तिची कमाई गेली तर घरात कुणाची चूल विझत नाही, म्हणून तुला तसं वाटलं. तिचा पगार म्हणजे वरकड. तिची शाळा म्हणजे विरंगुळा. माझी ती शाळा होती रे! पडल्यावर उठून मी तिथवर आले होते, तुझ्याच पहिलवानाचा हात धरून. आणि तूच पायात पाय घातलास.

आता तू म्हणशील, मी 'माझं अक्षर' म्हणालो असतो तर तुरुंगात गेलो असतो. ग्यानबाचं नाव घेतलं असतं तर त्याचं घर धुळीला मिळालं असतं. मला कळतं ते. मी काय दूधखुळी आहे? तू त्या दिवशी माझ्याकडं नुसतं बघितलं असतंस, एकदा, तर मीच पुढं झाले असते. 'माझंच अक्षर आहे' असं माझ्या तोंडानं सांगितलं असतं आणि ताठ मानेनं घरी बसले असते. मला विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते. माझी शाळा मी ग्यानबासाठी दिली असती. तू ती परस्पर देऊन टाकलीस. वर मला बावळट ठरवलंस.

त्यानंतर सहा वर्षं एका घरात राहिलो आपण. सहा वर्षांत तू एकदा तरी तो विषय काढलास का? एकदा मीच काढला. तुला वाढताना म्हटलं, "त्या दिवशी मला विचारायचं होतंस." तू ताटात बघत म्हणालास, "आज भाजीत मीठ कमी हाय का?" मी मीठ वाढलं. आणि त्याच आठवड्यात तू नवी यादी माझ्यापुढं ठेवलीस आणि मी ती लिहिली! त्यानंतरच्या सगळ्या याद्या मीच लिहिल्या. का लिहिल्या, ह्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही. तुझ्यावर चिडते तशीच मी त्या याद्या लिहिणाऱ्या बाईवरही चिडते.

वहिनीला मी एकशे बारावं पान वाचून दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, गेलेल्या माणसाचं असं काढू नये हो. त्यांच्याही मनाला लागलं होतं. झोपेत तुमचं नाव घ्यायचे." झोपेत! दिवसभर मी त्याच घरात वावरत होते, दादा. जागेपणी घ्यायचं होतंस.

पण वहीचं शेवटचं पान मला काल सापडलं, आणि त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. तुझा मजकूर संपला, त्यापुढं एक कोरं पान, आणि त्यापुढच्या पानावर तू पट्टीनं रेघा आखून ठेवल्यास. वरती तुझ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात 'परतीचे बोल'. खाली आकडा एक. पुढं काही नाही. वहीच्या दोऱ्याला पेन्सिलीचा तुकडा बांधलेला.

वहिनी म्हणाली, "बघा, तुमच्यासाठीच ठेवलंय. ही त्यांची कबुलीच आहे हो."

कबुली? कबुली स्वतःच्या अक्षरात द्यायची असते. ही तर पुन्हा तीच खोड. अवघड तेवढं गोदीच्या हातानं लिहून घ्यायचं. पेटीची किल्ली माझ्या हातात देताना तुला ठाऊक होतं मी कुठं येऊन थांबणार आहे. मला मोठ्या मायेनं तिथं आणून उभं केलंस आणि स्वतः निघून गेलास. जिवंतपणी माझ्या डोळ्याला डोळा द्यायची छाती झाली नाही, म्हणून रेघा आखून गेलास. पेन्सिलीनं लिही म्हणे, म्हणजे खोडता येईल!

वही बाजूला टाकली आणि परसात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

आज दुपारी, लोक जेवून गेल्यावर, ग्यानबा आला. म्हातारा झालाय आता, काठी टेकत आला. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला. मी वर बस म्हटलं तरी तिथंच बसला. काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाला, "बाई, मास्तरांचं पुस्तक निघायलंय म्हणं."

"निघतंय."

"त्यात त्या दिशीचं हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई. चार ओळी हायत. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

त्यानं मान हलवली. "मी त्या दिशी वखारीच्या भिताडामागंच हुतो. सगळं ऐकायलो हुतो. मला बी वाटलं, पुढं व्हावं. पाय उचललाच न्हाई." मग म्हणाला, "मास्तरनं तुमाला इचारलं न्हाई, मला बी इचारलं न्हाई. लय घाई झाली त्यांची."

दादा, सहा वर्षांत माझ्याशी कुणी एवढं खरं बोललं नव्हतं. भिंतीमागं उभा राहिला होता, म्हणून मला त्याचाही राग यायला पाहिजे होता. पण त्यानं येऊन सांगितलं. तेवढंच तर पाहिजे होतं.

मी त्याच्यापुढं बसले आणि म्हटलं, "ग्यानबा, शेवटच्या पानावर मी परतीचा बोल लिहिणार हाय. त्या दिवशी खरं काय झालं ते. त्यात तुमचं नाव घालू का? राज्य अजून त्यांचंच हाय, म्हणून विचारते."

त्यानं चंची काढली. चिमूटभर तंबाखू हातावर घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली. रस्त्याकडं बघत मळत राहिला. मग तोंडात टाकली आणि म्हणाला, "नाव नका घालू, बाई. घरात सुना-नाती हायत. पर बोल माझाच ऱ्हाऊ द्या. त्यातला एक शबुद बदलू नका."

"न्हाई बदलत."

विचारायला एवढाच वेळ लागतो, दादा. चिमूटभर तंबाखू मळून होईपर्यंत.

संध्याकाळी दिगंबर स्वच्छ प्रतीची वही न्यायला आला. मी त्याला शेवटचं पान दाखवलं. त्याचा चेहरा पडला. "बाई, मास्तर आपलं दैवत. एवढं एक पान गाळू. पुस्तक गावात आणायचंय, लोकांनी डोक्यावर घ्यावं असं पाहिजे." मी म्हटलं, "दिगंबर, मास्तरांची कसोटी तुला पाठ हाय ना? लाज वाटलेली एक तरी जागा असल्याशिवाय पुस्तक यादीत घ्यायचं न्हाई. हे पान काढलंस तर तुझ्या दैवताचं पुस्तक त्याच्याच यादीत बसत न्हाई. बांधून परत पाठवावं लागेल. आणि गाळायचंच असेल तर माझी प्रत इथं ठेव, दुसरं अक्षर शोध." मग वही उघडून ते पान त्यानं पुन्हा वाचलं, ह्या वेळी सावकाश, आणि वही फडक्यात बांधली.

तुझ्या मजकुरातला एक काना मी बदलला नाही. एकशे बाराव्या पानावर 'मी शांतपणे उत्तर दिले' असंच आहे, तुझ्या पूर्णविरामासकट. वाळवीचं सव्वा पानही आहे. वाचकाचा बोल शेवटच्या पानावर, हा तुझा नियम मी पाळलाय. फक्त पेन्सिल तोडून टाकली. शाईनं लिहिलंय, तुझ्या वहीतही आणि माझ्या प्रतीतही:

'१. ह्या माणसाने शेकडो लोकांना वाचायला शिकवले, त्यात मीही आहे. पण पान एकशे बारावर तो उत्तर लपवतो. ते उत्तर असे: अक्षर माझ्या बहिणीचे आहे, तिला त्यातले काही कळत नाही. त्या उत्तराने बहिणीची शाळा गेली. मजकूर एका वाचकाचा होता, तो असा: महाल बांधायला लोकं आली ती पोटापायी. आधी त्यांचं धान्य कुणी नेलं, ते राजानं लिव्हायचं ऱ्हाऊन गेलं.'

आणि उद्या सकाळी वाचनालय उघडून मी नवी यादी लावणार आहे. ह्या वेळी शब्दही माझे. सगळ्यात वर तुझं पुस्तक, छापून येईपर्यंत तुझी मूळ वहीच, आणि त्यापुढं ही ओळ: 'चांगल्या माणसाचे आहे. जरूर वाचावे. शेवटचे पान वाचल्याशिवाय परत करू नये.'

आता रडायला बसते, दादा. बोलाखाली माझं नाव घातलंय, पुरं नाव. कुणी येऊन विचारू दे, हे कुणाच्या हातचं लिहिलेलं आहे. मी दाराशीच उभी आहे. अक्षर माझं आहे, आणि मला त्यातलं सगळं कळतं.